तीनदा गाळलेलं

दार रंगवायचं असलं की लोक फिनिशिंगकाकांसाठी थांबून राहायचे. भिंत काय, कुणीही रंगवतं, असं काका स्वतःच म्हणायचे. भिंत दुरून बघायची असते. दाराला माणूस रोज हात लावतो, म्हणून रंगाऱ्याची खरी परीक्षा दारावर. दारावरून बोट फिरवलं तर बोटाला काही लागता कामा नये, ही त्यांची एकच अट. त्यासाठी ते ऑइलपेंट तीनदा गाळून घ्यायचे. नवाकोरा डबा उघडला तरी आधी गाळायचे. बरोबरचे रंगारी वैतागायचे. "काका, कारखान्यात गाळूनच भरलाय तो," म्हणायचे. काका ऐकून घ्यायचे आणि रिकाम्या डब्याच्या तोंडाला कापड बांधायला लागायचे. चाळीस वर्षांत त्यांच्या दारावर कुणी एक कण दाखवला नव्हता. त्याचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

घरात मात्र त्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे. तिथं काकूंचं राज्य होतं. स्वयंपाकघरात काकांना गॅस पेटवता येत असे, त्यापलीकडे काही नाही. कधी हौसेनं चहा केलाच, तर काकू दोन घोट घेऊन म्हणायच्या, "रंग छान आलाय." आणि उठून दुसरा टाकायच्या. यावर काका कधी रुसले नाहीत. आपला हात कुठं चालतो आणि कुठं चालत नाही, हे ज्याला कळतं तो माणूस सुखी असतो, आणि तोवर काका तसे सुखी होते.

दोन वर्षांपूर्वी काकूंचा घास अडकायला लागला. आधी पावाचा, मग भाताचा, मग कशाचाही. घास गिळला तरी छातीच्या मधोमध येऊन बसायचा. काकू वरून पाणी प्यायच्या, उठून उभ्या राहायच्या, खांदे मागे टाकून घरभर फिरायच्या, तेव्हा कुठं तो खाली सरकायचा. कधी सगळं तसंच्या तसं परत यायचं. पित्त असेल, वय झालं असेल, मनाचं असेल, अशी शेजारपाजारची सगळी निदानं करून झाली. एक्कावन्न किलोची बाई एकोणचाळीस किलोवर आली, तेव्हा मुलगी दुसऱ्या गावाहून आली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप असते. घास आला की उघडायचं, गेला की मिटायचं, एवढंच तिचं काम. काकूंची झडप ते काम विसरली होती. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, त्या जागी फुगा नेऊन फुगवला आणि वाट रुंद केली. मग काकांना आणि मुलीला समोर बसवून सांगितलं, "हे तात्पुरतं आहे. वाट पुन्हा आवळत जाणार. पक्का इलाज म्हणजे तिथला स्नायू कापणं. पण या वजनावर मी ऑपरेशन करणार नाही, त्यांना झेपणार नाही. वाट मोकळी आहे तोवर खाऊपिऊ घाला. दहा आठवड्यांनी बेचाळीस किलो करून आणा."

तीन किलो. काकांना वाटलं, हे काही फार नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. मग मिक्सरमधून काढलेलं, दाटसर, गुठळी नसलेलं. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. ताठ बसून खायचं, खाल्ल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करायची. बाई तरुण होत्या आणि बाहेर रांग लागलेली होती. समजावून सांगताना त्यांनी 'गुठळी नको' या शब्दांखाली लाल पेननं दोन रेघा ओढल्या. 'दाटसर' हा शब्दही तिथंच होता, त्याच्या शेजारी. त्याखाली रेघ नव्हती.

आता गुठळी म्हणजे काय, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी घेतलेली कामं दुसऱ्या रंगाऱ्यांना देऊन टाकली, ब्रश धुऊन वर ठेवले आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. काकूंनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. काकांनी दोन्ही वेळा त्यांना खुर्चीत बसवलं. "तू फक्त खायचं काम कर," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकते हे वाक्य. लवकर आजारी पडायला हवं होतं."

पहिले दोन आठवडे चांगले गेले. दूध, दुधात फेटलेलं अंडं, फळांचा रस. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात वजनाचा काटा होता. तिथं दर शनिवारी दोघं चालत जायचे, मध्ये एकदा पायरीवर टेकायचे. दुसऱ्या शनिवारी काटा साडेएकोणचाळीसवर गेला. काकांचा जीव भांड्यात पडला. घरी येताना त्यांनी नवा मिक्सर घेतला, सगळ्यात मोठा.

तिसऱ्या आठवड्यात मिक्सरमधलं सुरू झालं आणि चौथ्या दिवशी गाजर अडकलं. गाजराचा कितीसा तो धागा असेल. मिक्सरच्या पात्यातून निसटलेला. काकूंचे डोळे मोठे झाले, तोंडात फेस आला, काही नाकातून आलं. वीस मिनिटं त्या खुर्चीचे हात धरून ओकाऱ्या काढत होत्या आणि काका त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटी वाट सुटली. काकू घामानं भिजून पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या कामात कण सापडला होता, आणि तो दारावर नव्हता.

त्याच दुपारी ते बाजारात जाऊन बारीक विणीचं पांढरं कापड घेऊन आले. उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं, चार चौकोनी तुकडे कापले. त्या दिवसापासून मिक्सरमधून निघालेला प्रत्येक थेंब त्या कापडातून जायचा. एकदा गाळायचं, कापड बदलायचं, दुसऱ्यांदा गाळायचं, पुन्हा बदलायचं, तिसऱ्यांदा. शेवटी चमचा बुडवून वर धरायचा. रंगाच्या डब्यात काठी बुडवून बघतात तसंच, थेंब तुटक पडता कामा नये, एकसारखी धार लागली पाहिजे. तुटक पडला तर थोडं पाणी घालायचं. डाळ, बटाटा, भोपळा, कोंबडी, सगळ्याची अशी धार लागायची. दिवसातून सहा वेळा हा कारभार, म्हणजे सकाळी ओट्याशी उभे राहिलेले काका संध्याकाळीच बसायचे. पण वाडग्यात जे उतरायचं ते बघत राहावं असं असायचं. तकतकीत, एकरंगी, वर साय नाही, तळाला गाळ नाही.

आणि कापडात उरलेला चोथा? तो टाकायची काकांची छाती होत नव्हती. अन्न टाकायचं नाही, हे दोघांच्याही हाडीमाशी भिनलेलं. काका त्यावर मीठ भुरभुरायचे आणि ओट्याशी उभ्याउभ्याच पावाबरोबर खाऊन टाकायचे. वेगळं काही शिजवायचं नाही, आपल्यासाठी गॅस जाळायचा नाही. आजारी बायकोच्या उरलेल्यावर पोट भरतो आपण, याचं त्यांना मनातून बरंही वाटायचं.

पुन्हा कधी काही अडकलं नाही. एकदाही नाही. दर पंधरा दिवसांनी मुलगी यायची, तिनं वाडग्यातलं चाखून बघितलं. "बाबा, हॉटेलात असं सूप मिळत नाही," ती म्हणाली. चौथ्या आठवड्यात आहारतज्ज्ञ बाईंकडे जायचं होतं. काकूंना एवढा प्रवास नको म्हणून मुलीनं फोन केला आणि काकांच्या हातात दिला. बाईंनी विचारलं, गिळायला त्रास होतो का. काका म्हणाले, "अजिबात नाही. एक गुठळी नसते." बाई म्हणाल्या, "छान. असंच चालू ठेवा." तेव्हा काटा अडतीसवर आलेला होता. वजनाचं बाईंनी विचारलं नाही, आणि काकांनीही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारपर्यंत भरून काढू, असं त्यांना वाटलं.

भरून निघालं नाही. सहाव्या आठवड्यात साडेछत्तीस झालं. काका घाबरले, आणि घाबरलेला कारागीर जे करतो तेच त्यांनी केलं: जे येत होतं ते आणखी मन लावून करायला लागले. वाट आवळत असणार, म्हणून अंगी लागत नसणार, असा त्यांनी हिशेब मांडला आणि धार आणखी पातळ केली. काकूंनी एकदा वाडगं हातात घेऊन म्हटलं, "आज जरा दाट ठेवायचं होतं."

"आणि अडकलं म्हणजे? तो दिवस विसरलीस?"

"एखादा चमचा फक्त."

"अगं, मला नाही बघवत ते पुन्हा," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, वाडगं तोंडाला लावलं आणि रिकामं करून परत दिलं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

आठव्या शनिवारी काटा साडेपस्तीस दाखवत होता. काकू उतरल्यावर काका सहज त्यावर चढले. औषधवाला ओळखीचा, जिभेला हाड नसलेला. "काका, तुमचं चार किलो वाढलंय," तो म्हणाला. "काकूंच्या वाटचं तुम्हीच खाता की काय?" सगळे हसले. काकूसुद्धा हसल्या, आणि हसता हसता काउंटरला धरून उभ्या राहिल्या. काकाही हसले. शर्टाची बटणं ताणली जातात हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. नुसतं घरात बसून सुटत चाललोय, असं त्यांना वाटलं होतं. कुणी तोंडावर सांगितलेलं सत्य माणसाला थट्टा वाटलं, तर मग त्याला देवही वाचवू शकत नाही.

दहाव्या आठवड्यात मुलगी आली आणि तिघं दवाखान्यात गेले. काकूंना चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. वजन भरलं चौतीस. डॉक्टर यायला वेळ होता. मुलगी कागदपत्रांच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली आणि ही दोघं आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत गेली. खोली केवढीशी, एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर फळांचं चित्र. भिंतीला रंगाचा घाईत एकच हात मारलाय, हे काकांना आत शिरताच दिसलं.

बाईंनी आकडा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "खायला काय देता?"

काकांनी सगळं सांगितलं. डाळ, बटाटा, भोपळा, कोंबडी, अंडं. सहा वेळा, घड्याळ लावून. "मिक्सरमधून काढतो आणि तीनदा गाळतो," ते म्हणाले. इतक्या काळजीतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"गाळता? कशातून?"

"बारीक कापडातून. पीळ देऊन. एक कण राहत नाही."

"आणि कापडात उरतं त्याचं काय करता?"

"मी खातो," काका म्हणाले. "टाकवत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी काकांकडे बघितलं, ताणलेल्या शर्टाकडे बघितलं, मग खुर्चीतल्या काकूंकडे बघितलं. "अहो," त्या हळू म्हणाल्या, "कापडात उरतं तेच जेवण. खाली येतं ते नुसतं पाणी. पातळ फक्त पहिले दोन आठवडे होतं. पुढं दाटसर लिहिलं होतं मी. मिक्सरमधून काढलं की तसंच द्यायचं, त्यात दूध घालायचं, लोणी घालायचं. गाळायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

दिवसाला सहा वाडगी, सात आठवडे. प्रत्येक वाडग्यामागं एक मूठ चोथा, मीठ लावलेला, पावाबरोबर. सगळा काकांच्या पोटात गेला होता. त्यांनी तोंड उघडलं.

"मी," काकू म्हणाल्या.

बाईंनी मान वळवली.

"मीच सांगितलं त्यांना. गाजर अडकलं तेव्हापासून भीती बसली माझ्या मनात. ते म्हणत होते दाट घे, दाट घे. मीच ऐकलं नाही."

"असं करायचं नसतं हो," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "यांनी एवढं राबायचं, आणि तुम्ही हट्टानं उपाशी राहायचं? ऑपरेशन गेलं ना हातचं." त्या बराच वेळ बोलत राहिल्या. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. काकांचं तोंड अजून उघडंच होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना, 'नाही, मी.' दोन शब्द. ते त्यांनी उच्चारले नाहीत. का बोलले नाहीत, याचा त्यांनी नंतर पुष्कळ विचार केला. भीती होती, लाज होती, आणि खरं सांगायचं तर काकूंनी पुढं केलेल्या आडोशाला उभं राहिल्यावर क्षणभर बरं वाटलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"तुम्हाला बोलली असती ती. तुम्हाला सोसलं नसतं."

"आणि तुला?"

"मी आजारी बाई. मला बेतानंच बोलली," काकू म्हणाल्या.

मग काकांनी विचारलं, "भूक लागायची?"

समोरून एक मावशी फरशी पुसत गेली, तिची बादली कोपऱ्यावरून वळेपर्यंत काकू बघत होत्या. "लागायची," त्या म्हणाल्या. "दुपारी जास्त."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की एकदा," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर काकांनी तो उराशी धरला असता. "तुम्ही इतकं मन लावून करत होता. मला वाटलं, तुम्हाला जास्त कळत असेल."

ऑपरेशन होणार नाही, असं डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. त्याच दिवशी काकूंना भरती करून घेतलं आणि नाकातून नळी घातली. नळीतून दुधासारखं काहीतरी तयार मिळायचं ते सोडायचे. काकांना करण्यासारखं काही उरलं नाही. ते पलंगाशेजारी बसून थेंब मोजायचे. पाचव्या दिवशी काकूंना ताप आला. छातीत पाणी झालंय, असं नर्स म्हणाली. अंगात लढायला काही शिल्लक नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी, काका खाली चहा प्यायला गेले होते तेव्हा काकू गेल्या.

लोक भेटायला यायला लागले. बरोबरचे रंगारी आले, शेजारी आले, औषधवाला आला आणि पहिल्यांदाच गप्प बसून गेला. प्रत्येक जण जाताना काकांचा हात हातात घ्यायचा. "असं करणारा नवरा बघितला नाही," म्हणायचे. "फुलासारखं जपलंत." मुलगी चहा देता देता लोकांना सांगायची, आईनंच हट्ट केला हो, भीतीपोटी खाल्लं नाही, बाबांनी काय कमी केलं नाही. काका भिंतीला टेकून ऐकायचे. एकेक शब्द सुरीसारखा लागायचा आणि सुरी मारणारे सगळे प्रेमानं मारत होते.

बाराव्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. मुलगी दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. ती ओट्याशी भांडी आवरत होती, तेव्हा काका जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

"मी उपाशी ठेवलं तिला," ते म्हणाले.

मुलीनं नळ बंद केला. काकांनी सगळं सांगितलं. कापड, पीळ, तीनदा गाळणं. चोथा स्वतः खाल्ला ते. दाट ठेवा म्हणाली आणि ठेवलं नाही ते. त्या बाईंच्या खोलीत तोंड उघडून मिटलं ते सुद्धा. काही वगळलं नाही. बोलताना त्यांना हलकं वाटायला लागलं होतं. आता ही ओरडेल, रडेल, कदाचित उद्यापासून बोलणार नाही. जे होईल ते होवो, पण निदान एका माणसाला तरी खरं माहीत असेल.

मुलीनं हात पुसले आणि त्यांच्या खांद्यावर ठेवले. "झालं सांगून?" तिनं मायेनं विचारलं. "आईनं मला आधीच सांगून ठेवलंय, बाबा. नळी घातली त्या संध्याकाळी. बोलायला त्रास होत होता तरी जवळ बोलावलं. म्हणाली, मी गेल्यावर हे सगळं स्वतःवर घेतील. म्हणतील, मीच गाळून गाळून दिलं, मीच खाल्लं. त्यांचं ऐकू नकोस. हट्ट माझा होता."

"खोटं बोलली ती," काका म्हणाले.

"तुम्ही हेही म्हणाल, असं म्हणाली होती."

बोलण्यासारखं काकूंनी काही मागं ठेवलंच नव्हतं. मुलीनं ताटलीत भात वाढला, त्यावर डाळ ओतली आणि ताटली त्यांच्या हातात दिली. "सकाळपासून काही खाल्लं नाहीत. माझ्यासमोर बसून खा," ती म्हणाली, आणि समोर बसली.

काकांनी घास घेतला. तो सहज खाली गेला.